केतकीच्या सायकलच्या दोन कड्या

मंडळी, मी असल्या गोष्टींतला माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. देवासला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की आमच्याकडे काहीजण अगरबत्ती लावतात, मी बेअरिंग उघडतो. या सदरातले अनुभव आजवर हसत हसत वाचत आलो. आता स्वतःच लिहायला बसलोय, आणि भीतीपेक्षा लाजच जास्त वाटतेय... का, ते कळेलच.

गेल्या धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला, धारला गेलो होतो. अधिक मासात जावयाला वाण द्यायचं, धोंडे खाऊ घालायचे, हे माझ्या सासरी अजून साग्रसंगीत चालतं. एरवी जावई म्हणजे दहावा ग्रह, पण त्या महिन्यात त्याचा एकदम विष्णू होतो. सासूबाई "जावईबापू, जावईबापू" करतात, पाणी मागितलं तर सरबत येतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

माझी मेहुणी केतकी कॉलेजात आहे. तिने इंदूरहून सेकंडहँड माउंटन बाइक आणली होती — फुल सस्पेंशन, म्हणजे मागच्या चाकालाही शॉक. तिची चेन सारखी पडायची, आणि शेवटी तुटून तिच्या काही कड्या रस्त्यातच गेल्या. नवी चेन आणि पिन काढायचं टूल घरी येऊन पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मैत्रिणीबरोबर मांडूच्या बाजूला जायचं होतं. मी म्हटलं, आण इकडे. रोज कन्व्हेयरच्या चेनी बसवणारा माणूस मी, सायकलची ती काय कथा!

अंगणात सायकल उलटी उभी केली, चेन पुढच्या एकुलत्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावरून फिरवून मापली आणि जादाची कापली.

"जिजाजी, वो शॉक पूरा दाबून मापतात ना? मैंने वीडियो में देखा था," केतकी म्हणाली.

"अगं, भावोजी म्हण!" सासूबाई आतून ओरडल्या. "आणि त्यांना काय शिकवतेस?"

"व्हिडिओवाल्यांना काय, नसते उद्योग," मी म्हणालो. जोडाच्या पिनवर पिवळ्या मार्करने टिक केली. ही आमची कारखान्यातली सवय — काम झालं, तपासलं, अशी खूण. मी डावरा, त्यामुळे माझी टिक उलट्या बाजूला कलते.

सकाळी ऊन चढायच्या आत ती निघाली. अंगणात एक चक्कर मारून तिने चढाचा, म्हणजे मागचं सगळ्यात मोठं चक्र असलेला गिअर टाकला आणि गंमत म्हणून सीटवर बसल्या बसल्या दोन उड्या मारल्या. शॉक दबला, आणि चेनला ताण देणारा मागचा दांडा ताठ होऊन पुढे ओढला गेला. मला त्याच क्षणी कळलं. शॉक दबला की मागचं चाक पेडलपासून लांब सरकतं, तेवढी चेन जास्त ठेवावी लागते. मी ठेवली नव्हती. त्या गिअरमध्ये मोठा खड्डा आला तर दांडा तुटून चाकात जाणार आणि केतकी डोक्यावर आपटणार.

"थांब" म्हणायचं होतं. एवढंच. पण शेजारच्या काकू आल्या होत्या आणि सासूबाई त्यांना सांगत होत्या, "आमच्या जावईबापूंच्या हातात कलाच आहे हो." मी हसलो. पोर हलकी आहे, मनात म्हटलं, तो गिअर कशाला लावेल... तोवर ती वळणावरून दिसेनाशी झाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अजूनही ती गावातच होती, फोन लागला असता. मी तो खिशातून काढला आणि परत ठेवला, कारण माझी बायको, मुग्धा, शेजारीच बसली होती. दोन तासांनी गच्चीवर जाऊन लावला तेव्हा केतकी मांडूच्या वाटेवर, नालछ्याच्या पुढे रेंजबाहेर गेली असावी. लागला नाही. मग मात्र वेड्यासारखा लावत राहिलो.

खाली पाट मांडला होता. सासऱ्यांनी अनारशांचं ताट माझ्या हातात दिलं, सासूबाईंनी ओवाळलं, आणि दोघांनी वाकून मला नमस्कार केला. वडीलधारी माणसं मला देव समजून नमस्कार करत होती आणि मला त्यांची मुलगी दगडांत पडलेली दिसत होती. उठून पळावंसं वाटलं, पण बसून राहिलो.

तेवढ्यात गेट वाजलं. केतकी! धुळीने माखलेली, पण धडधाकट.

"जिजाजी, ग़ज़ब चेन बसवलीत! चढ संपला, उतार लागला, गिअर बदलायचाच राहिला... आणि एवढा मोठा गड्ढा! सायकल पूरी बैठ गई. मला वाटलं, गई मैं. पण कुछ नहीं हुआ!"

"हात कुणाचा लागलाय!" सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले. मी सायकल बघतो म्हणून बाहेर आलो.

शॉकवर सगळा भार टाकून दाबला. दांडा ताठ झाला नाही. चेन मापून बघितली तर दोन कड्या जास्त. नव्या चकचकीत चेनमध्ये दोन जुन्या, झिजलेल्या, गंज घासून निघालेल्या कड्या... आणि दोन्ही बाजूंच्या पिनांवर पिवळी टिक. उलट्या बाजूला कललेली.

टूल आणि मार्कर माझ्या बॅगेत होते. बॅग खोलीत. कापलेला तुकडा तिथेच, जसाच्या तसा. केतकीला विचारलं, कुणी हात लावला का?

"कोण लावणार? रस्त्यात कुठे थांबलोच नाही. और टूल तो आपके पास है," ती म्हणाली. मी आत येऊन पाटावर बसलो. धोंडे खाल्ले. वाढायचा आग्रह झाला तेव्हा आणखी खाल्ले.

देवासला परतताना गाडीत मुग्धाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती थक्क होईल. कड्या, पिवळ्या खुणा बाजूलाच राहिल्या. तिने उलट विचारलं, "ती गेटातून निघायच्या आधी तुम्हाला दिसलं होतं?"

मी हो म्हटलं.

"आणि तुम्ही तिला जाऊ दिलंत. माझ्या बहिणीला."

त्या कड्या कुणी घातल्या, मला आजही ठाऊक नाही. कारखान्यातल्या दोघा-तिघांना विचारलं, ते हसले. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. मुग्धाला मात्र त्याचं काही पडलेलं नाही. ती मधूनच, भाजी चिरता चिरता, एवढंच विचारते — एक शब्द बोलायला काय झालं होतं? त्याचं उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते मी अजून तिला दिलेलं नाही.