हायामी-सानच्या खांद्यासाठी केलेली गिटार

हायामी-साननी गिटारचा दांडा पुन्हा खाली दाबला. तार चढली नाही. चढला तो त्यांचा खांदा, आणि दुखतंय हे लपवताना माणूस जसा चेहरा करतो तसा चेहरा त्यांनी केला. शेजारी मुरासे-सान उभे होते, आमच्या कंपनीतले सगळ्यात जुने गिटार करणारे. ते म्हणाले, चहा घेऊया. जपानमध्ये चहा घेऊया म्हटलं की समजायचं, काहीतरी बोलायचं राहिलंय.

मी या कंपनीत लाकूड तपासते. पुण्याहून पीएचडीला आले आणि योकोहामाच्या या गिटार कंपनीत चिकटले. कुठलं लाकूड किती जड, किती घुमतं, दमट हवेत किती फुगतं, हे बघणं माझं काम. आई अजून सगळ्यांना सांगते, आमची लेक फर्निचरच्या लाइनमध्ये आहे. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

हायामी-सान कंट्री म्युझिक वाजवतात. अमेरिकेतलं गावाकडचं गाणं, आणि वाजवणारा पासष्टी ओलांडलेला जपानी माणूस, डोक्यावर काउबॉय हॅट. माझ्या घरचे लोक त्यांचे फोटो बघून हसले होते. हसा खुशाल, पण हा माणूस वाजवायला लागला की हसू विरतं. या संगीतात एक रडवा सूर असतो. एकच तार वाजता वाजता वर चढत जाते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. त्यासाठी गिटारच्या पोटात एक लीव्हर बसवतात. त्याला म्हणतात बेंडर. लीव्हरचं टोक खांद्यावरच्या पट्ट्याला जोडलेलं असतं. दांडा खाली दाबला की पट्टा ताणला जातो, लीव्हर ओढला जातो आणि तार चढते. म्हणजे सगळा भार डाव्या खांद्यावर.

आणि हायामी-सानचा डावा खांदा गेला होता.

कंपनी त्यांच्या नावाचं मॉडेल काढणार होती. गिटारवर त्यांची सही, जाहिरातीत त्यांचा फोटो. ती कशी हवी हे त्यांनी आणि मुरासे-साननी मिळून ठरवायचं होतं. खांद्याचं त्यांनी त्या दिवशी चहावर सांगितलं, आम्हा दोघांनाच. वरच्यांना कळू देऊ नका म्हणाले. कळलं तर मला संपलेला माणूस समजतील. मुरासे-साननी मान लववली, आणि आराखड्यावर कारणाच्या जागी लिहिलं, ‘कलाकाराच्या आवडीनुसार हलकी ओढ’.

मी तेव्हाच म्हटलं होतं, की आवड काय, गरज आहे ना ही. मुरासे-सान म्हणाले, माणसाचं दुखणं कागदावर लिहायचं नसतं. मी गप्प बसले. बारा वर्षं इथे काढलेल्या बाईला कुठे गप्प बसायचं ते कळायला लागतं. पटत नाही, ते वेगळं.

मग काम सुरू झालं आणि ते दिवस खरंच छान गेले. मुरासे-साननी लीव्हर लांब केला. हापशाचा दांडा लांब असला की पाणी काढायला जोर कमी लागतो, तसंच हे. आतली स्प्रिंगही हलकी घातली. पण आता नवीनच उपद्व्याप. गिटार पट्ट्याला नुसती लटकवली, तरी तिच्याच वजनाने लीव्हर ओढला जायचा आणि तार आपोआप बेसूर व्हायची. मुरासे-सान डोकं खाजवत बसले. मी म्हटलं, मग वजनच कमी करूया, किरी वापरू.

किरी म्हणजे इथलं एक अगदी हलकं लाकूड. किमोनो ठेवायच्या पेट्या त्याच्या करतात. मुरासे-सान आधी नाही म्हणाले. पेटीचं लाकूड आहे ते, गिटारचं नाही. मी नमुने तपासून दाखवले, ठोकून ऐकवले. ते बराच वेळ कान लावून ऐकत राहिले आणि म्हणाले, बघू. त्यांच्या तोंडून ‘बघू’ निघालं की मी खूश.

किरीची नमुना-गिटार तयार झाल्यावर ती हायामी-साननी खांद्यावर घेतली आणि आधी नुसतेच उभे राहिले. मग दांडा किंचित खाली केला. तार चढली. रडली म्हणा ना. त्यांनी तोच सूर परत वाजवला, परत वाजवला, पोराच्या हाती नवीन शिटी लागावी तसा. मग मुरासे-सानकडे न बघता म्हणाले, ‘मला वाटलं होतं, हे आता आपल्याकडून होणार नाही.’ मुरासे-सान उगाचच बाकावरचा भुसा झाडायला लागले. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू.

पुढे मीटिंग. प्रॉडक्ट प्लॅनिंगचे प्रमुख कुवाता-सान. वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते, म्हणजे राग कुठे काढायचा ते तुम्हीच ठरवा. त्यांनी किरीवर नखाने दाबलं. खळगा पडला. दुकानात दहा जणांनी हाताळल्यावर हिची काय दशा होईल, असं त्यांनी विचारलं. बरोबरच होतं. मग ठरलं की नेहमीचं लाकूड वापरायचं. लाकूड जड झालं म्हणजे स्प्रिंग कडक हवी. हलक्या ओढीचं काय, कोणीतरी विचारलं. कुवाता-साननी आराखडा बघितला आणि म्हणाले, ती आवडीची बाब आहे, तडजोड होऊ शकते.

मी मुरासे-सानकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत होते. शेवटी मीच बोलले. ‘ती आवड नाही. त्यांचा खांदा निकामी झालाय. कडक स्प्रिंग त्यांना ओढताच येणार नाही.’

कुवाता-साननी माझे आभार मानले, अगदी मनापासून, आणि पुढचा मुद्दा घेतला. मी बोलले याचा मला आजही पश्चात्ताप नाही. उशिरा बोलले, याचा आहे.

मीटिंगनंतर मी कुवाता-सानना गाठलं. निदान ती किरीची गिटार तरी हायामी-सानना देऊन टाका म्हटलं. ते म्हणाले, ‘लिमये-सान, ते स्टेजवर एक गिटार वाजवणार आणि त्यांच्या नावावर आपण दुसरीच विकणार. ही गिऱ्हाइकाची फसवणूक नाही का?’ याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही, आणि त्याचाच जास्त संताप होतो.

आमच्याकडे नियम आहे. मंजूर न झालेला नमुना बाहेर जाऊ द्यायचा नाही, कापून टाकायचा. नाहीतर कुठेतरी विकला जातो आणि कंपनीचं नाव खराब होतं. त्यासाठी बँड सॉ असतो, म्हणजे विजेवर फिरणाऱ्या लांब पात्याची करवत. मुरासे-सान ती किरीची गिटार स्वतः तिकडे घेऊन गेले. मी मागे धावले. म्हटलं, घरी न्या, कापली म्हणून सांगा, मी कोणाला बोलणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरीच करायला सांगितली. तारा सोडल्या, लीव्हर काढून घेतला, आणि कापली. किरी मऊ असते. आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

घरी येऊन नवऱ्यापाशी तणतणले. तो टोकियोत, तोयोसूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, तुमच्याकडे बॅकअप ठेवत नाहीत का? त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं हेच खूप झालं.

नवीन मॉडेल बाजारात आलं त्या दिवशी हायामी-सान हॅट घालून आले. कुवाता-साननी स्टेजवर खुर्ची ठेवायला लावली आणि सगळ्यांसमोर आदराने म्हणाले, खांद्याला त्रास नको, आपण बसून वाजवा. मी जीव तोडून सांगितलं त्याचा कंपनीने केलेला उपयोग तो एवढाच. हायामी-साननी मुरासे-सानकडे बघितलं. मुरासे-सान माफी मागत खाली वाकले. मी पुढे होऊन म्हटलं, ते नाही बोलले, मी बोलले. हायामी-सान बरं बरं म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

वाजवलं छानच. फक्त जिथे तार चढायची, तिथे ते तसेच पुढे निघून गेले. ऐकणाऱ्यांना कळलं नाही. टाळ्या भरपूर पडल्या.

नंतर ते आमच्यापाशी आले आणि हळूच विचारलं, ‘ती किरीची?’

‘कापली,’ मुरासे-सान म्हणाले. ‘मीच.’

हायामी-सान म्हणाले, ‘तुमच्या हातून झालं. बरं झालं.’ दोघे एकमेकांसमोर वाकले. यात बरं काय होतं, ते मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

हायामी-सान आता दर शनिवारी कार्यक्रमात साधी, बेंडर नसलेली गिटार वाजवतात, तो सूर सोडून. मुरासे-सानशी माझं कामापुरतं बोलणं आहे. आणि नवीन पोरं कामाला लागली की मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते, आराखड्यावर ‘आवड’ असं कधी लिहू नका. कपात करायला बसले की आधी आवडच कापतात. खांदा असेल तर खांदा लिहा.