डाव्या हाताचा सराव

प्रभुलिंग गुरव माणसाला आधी हातावरून ओळखतो, तोंडावरून मागाहून. त्यात त्याचा दोष नाही. सोलापुरातल्या एका जुन्या पेठेत महादेवाचं लहानसं देऊळ आहे, तिथं तो वडिलांच्या जागेवर उभा राहिला तेव्हापासून रोज सकाळी त्याच्यापुढं हातच येत आलेत. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून तो पळीनं तीर्थ घालतो आणि पळी उचलताना एकच शब्द म्हणतो, "हात." समोरच्यानं उजवा पुढं करायचा. चुकून डावा आला, तर पळी हवेतच थांबते. प्रभुलिंग रागावत नाही, समजावत नाही, नुसता थांबतो. मग बँकेतला साहेब असो नाहीतर कॉलेजातला पोरगा, शरमून हातातला मोबाइल खिशात घालतो आणि हात बदलतो. पेठेतली पोरं पाठीमागं त्याला 'उजवे गुरव' म्हणतात. हे त्याला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतंही.

असल्या माणसाच्या घरात डाव्या हाताला काय किंमत असणार? थोरली-धाकटी सगळी काय ती एकच पोर, रुद्राणी. ती दुडुदुडु चालायला लागली तेव्हापासून प्रभुलिंगनं तिला घडवलं होतं. साखरफुटाणा असो, पेन्सिल असो की शेजारणीनं दिलेला पेरू, बाप म्हणणार "हात", आणि पोरीचा उजवा हात पुढं येणार. चार वर्षांची असताना झोपेतसुद्धा तिनं उजवा हात पुढं केला होता. ही हकिकत प्रभुलिंगनं पाहुण्यारावळ्यांत इतक्यांदा सांगितली होती की, त्याची बायको रेश्मा ती सुरू झाली की उठून चहा टाकायला जायची.

तर त्या पोरीचा हाच उजवा हात यंदा सगळ्यांच्या मुळावर आला.

रुद्राणी पळते. शाळेच्या मुलींच्या रिले संघात ती दुसरी. तिची ढांग लांब, त्यामुळं वळणावर ती बाहेर फेकली जाते. पण सरळ पट्ट्यावर तिला कुणी गाठू शकत नाही. म्हणून क्रीडाशिक्षक हिंदुराव सरांनी तिला तिथंच ठेवलेलं. हिवाळ्यात जिल्ह्याच्या स्पर्धेत संस्कृती नावाची पोरगी पहिला टप्पा पळत आली, "हात!" म्हणून ओरडली, आणि बॅटन दोघींच्या मधोमध मातीत पडलं. ठपका आला संस्कृतीवर. तिनं सोडलं, असंच सगळे म्हणाले. मी नाही सोडलं म्हणत ती चार दिवस रडली आणि नंतर रुद्राणीशी बोलायची बंद झाली. बाकीच्या दोघी संस्कृतीच्या बाजूनं गेल्या. मधल्या सुट्टीत तिघी एका झाडाखाली डबा खायच्या आणि रुद्राणी वर्गात. घरी ती यातलं काही सांगायची नाही. रेश्माला ते कळलं डब्यावरून, कारण डबा अर्धा परत यायला लागला.

मे महिना संपता संपता हिंदुराव सरांनी प्रभुलिंगला मैदानावर बोलावलं. सकाळची वेळ, तरी ऊन डोक्यावर हात ठेवून उभं होतं. सरांनी मोबाइलवर त्या शर्यतीचं चित्रण लावलं आणि अगदी सावकाश पुढं सरकवलं. "हे बघा, गुरव. तिचा डावा हात मागं आलाय. बरोबर आहे, दुसऱ्या टप्प्याला बॅटन डाव्याच हातात घ्यायचं असतं. आता संस्कृती ओरडली. आता बघा."

प्रभुलिंगनं बघितलं. डावा हात मागं होता तो झटकन खाली गेला आणि उजवा पुढून वळून मागं आला. संस्कृती बॅटन देत होती तिथं आता हातच नव्हता.

"सरावात नीट घेते," सर म्हणाले. "पण शर्यतीत जीव कंठाशी आला, की 'हात' म्हटल्याबरोबर उजवा. असं का होतंय, मला काही कळत नाही."

प्रभुलिंगला कळलं होतं. तो हात त्यानं ओळखला. रोज सकाळी पळीपुढं येतो तसा तो आला होता, तळवा किंचित खोलगट करून. जिल्ह्याच्या मैदानावर, हजार माणसांत, पोरगी तीर्थ घ्यायला निघाली होती.

"शब्द बदलला तर?" त्यानं विचारलं.

"दोन वर्षं चौघी त्याच शब्दावर पळतायत. बदलला तर दुसरीच कोणी गडबडेल." सरांनी मोबाइल खिशात टाकला. "शाळा उघडली की पहिल्याच शनिवारी मी चौघी ठरवणार. पुन्हा उजवा आला तर मला तिच्या जागी राखीव उर्वीला घ्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट तर वाटलंच. घरी येऊन प्रभुलिंगनं पाण्याच्या पाइपाचा एक वीतभर तुकडा कापून घेतला, टोकं घासून गुळगुळीत केली आणि रुद्राणीला म्हणाला, "आजपास्नं ह्या घरात डावा हात."

रेश्मा कडक भाकऱ्या करून विकते. ती तव्याजवळून वळून बघतच राहिली. "कोण बोलतंय हे?" ती म्हणाली. "आंगाबिंगात आलंय का काय तुमच्या?"

"माझ्यामुळं पडलंय ते बॅटन. मीच बसवतो आता."

रुद्राणी मान खाली घालून म्हणाली, "मला म्हाईत होतं, आप्पा."

"काय म्हाईत होतं?"

"संस्कृती ओरडली की मला तुमीच ओरडल्यासारखं वाटतंय."

"मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"तुमाला वाईट वाटलं असतं की."

हिवाळ्यापासून पोर हे गिळून बसली होती. मैत्रिणी गेल्या, डबा एकटीनं खाल्ला, पण बापाचं नाव घेतलं नाही. प्रभुलिंग उठून उगाच कूलरमध्ये पाणी भरायला लागला, आणि कूलर तर काठोकाठ भरलेला होता.

मग सुरू झाला सराव. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस, पत्रा तापून घर भट्टी झालेलं. रुद्राणी पाठमोरी बसलेली असायची, नाहीतर झाडत असायची, आणि बाप कुठूनतरी मागून यायचा. "हात!" म्हणून पाइपाचा तुकडा, भाकरी, धुतलेला टॉवेल, जे हाताला लागेल ते पुढं करायचा. उजवा आला की द्यायचा नाही, थांबायचं. थांबण्यात तो तरबेज होताच. पहिले काही दिवस घरात कुणाला वेळेवर काही मिळालं नाही. एकदा ताकाचा तांब्या दोघांच्या मधे पालथा झाला. रेश्मानं फरशी पुसता पुसता दोघांचा यथास्थित उद्धार केला. वर म्हणाली, "पोरीला दुपारी डावा शिकवताय आन सकाळी देवळात उजवा. तिनं ऐकायचं तरी कुणाचं? निवड हुईस्तवर तिला तीर्थाला येऊच देऊ नका."

हे प्रभुलिंगला पटलं. पटलं खरं, पण पचायला जड गेलं. जन्मल्यापासून पोरीचं तीर्थ चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून रुद्राणी देवळाच्या पायरीवरूनच हात जोडून मैदानावर जायला लागली. प्रभुलिंग आत बसून लोकांच्या उजव्या हातांवर तीर्थ घालायचा आणि बाहेर तिच्या बुटांचा आवाज लांब जाताना ऐकायचा. कसंनुसं व्हायचं त्याला. देवासमोर एक, घरात एक, असं दुटप्पी वागणं त्यानं कधी केलं नव्हतं.

जून लागला तसा डावा हात हळूहळू यायला लागला. आधी दहादा सांगून, मग न सांगता. एका दुपारी ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. प्रभुलिंगनं मागून हलकेच "हात" म्हटलं, तर डावा हात पाठीमागं आला, तळवा वर, बोटं पसरलेली. रेश्मानं खूण करून त्याला गप्प केलं, पण हसू तिलाही आवरलं नाही.

शाळा सुरू झाली. नवा गणवेश एक बोट लांबच घेतला होता, पुस्तकांना कव्हरं घातली, दप्तराचा बंद शिवून झाला. पेठेत सकाळी पुन्हा रिक्षांची आणि पोरांची गर्दी झाली. बघता बघता शनिवार उजाडला.

शनिवारी देवळात फार गर्दी नसते. सातेक माणसं रांगेत होती. प्रभुलिंगचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आठला निवड होती, आणि तीर्थ आटोपून गाभाऱ्याला कडी घालून मैदान गाठायचं त्याच्या मनात होतं. पळी उचलायची, "हात" म्हणायचं, घालायचं. पळी उचलायची, "हात" म्हणायचं. मान वर करायलाही त्याला सवड नव्हती.

"हात," तो म्हणाला, आणि पुढं डावा आला.

पळी सवयीनं थांबली. मग त्यानं वर बघितलं. समोर रुद्राणी उभी होती, पळायचे कपडे, पायात मोजे, डोळे मिटलेले. आजच्या दिवशी तिला राहवलं नव्हतं. पायरीवरून परत न जाता ती गुपचूप रांगेत लागली होती.

तिच्या मागं बजाबाई होत्या. बजाबाईंचं देवळातलं वजन असं की गुरव कुठं चुकला तर त्याच सांगायच्या. "अगं ए पोरी," त्या म्हणाल्या, "डावा हात करतीस व्हय देवापुढं? गुरवाची लेक ना तू?"

रुद्राणीनं दचकून डोळे उघडले. बापाची थांबलेली पळी तिनं बघितली. तिला लहानपणापासून त्या थांबण्याचा अर्थ माहीत होता. तिचा डावा हात खाली जायला लागला आणि उजवा वर यायला लागला. मोबाइलवर सावकाश पुढं सरकवलेलं ते चित्रणच जणू प्रभुलिंगच्या डोळ्यांपुढं घडत होतं. आता हा उजवा हात त्याच्या पळीखाली आला, तर तासाभरानं मैदानावरही उजवाच येणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. आणि समोर रांग बघत होती. ज्या ज्या माणसाला त्यानं हात बदलायला लावला होता, त्यातले निम्मे तिथं उभे होते.

"रुद्राणी," तो म्हणाला. "न्हाय. डावाच ठेव."

ती तशीच राहिली, दोन्ही हात अर्ध्यावर.

"डावा. कर पुढं."

डावा हात आला. प्रभुलिंगनं त्या तळव्यावर तीर्थ घातलं, जरा जास्तच पडलं. तिनं ते प्यायलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि मागं न बघता पायऱ्या उतरून गेली.

"गुरव," बजाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे काय केलंत?"

"आज तिला त्या हाताचं काम हाय, बजाबाई."

"आन देवाला काय वाटंल?"

"ते मी बघून घेतो देवाशी," प्रभुलिंग म्हणाला. "हात करा." त्यांनी उजवा हात केला. चेहरा मात्र दिवसभरासाठी पडलेला होता.

तो मैदानावर पोचला तेव्हा पोरी आपापल्या जागी उभ्या राहिल्या होत्या. कुंपणाच्या जाळीला त्यानं बोटं अडकवली. त्याच्या शेजारी उर्वीचे वडील उभे होते. दोघांनी एकमेकांकडं बघून मान हलवली. शिट्टी वाजली. संस्कृती वळणावरून सुसाट आली. रुद्राणी समोर बघून धावायला लागली होती.

"हात!" संस्कृती ओरडली.

डावा हात मागं आला. तळवा वर, बोटं पसरलेली, जागच्या जागी घट्ट. टप्प असा आवाज झाला आणि रुद्राणी सुटली. ती तिसरीपर्यंत कशी गेली, तिसरी चौथीपर्यंत कशी गेली, प्रभुलिंगला नीट दिसलंच नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यानं उपरण्यानं पुसलं, तरी परत आलं. सरांनी सगळ्यांना दोनदा पळवलं, तीनदा पळवलं. तिन्ही वेळा डावा.

नावं वाचून झाली. चौघी त्याच. शेवटी संस्कृती रुद्राणीजवळ जाऊन काहीतरी बोलली, आणि दोघी खाली वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत हसल्या. उर्वीचे वडील लेकीच्या खांद्यावर हात ठेवून निघाले. जाताना ते प्रभुलिंगला म्हणाले, "चांगली पळते तुमची."

रुद्राणी धावत कुंपणाशी आली. तोंड लाल झालेलं, केस कपाळाला चिकटलेले. प्रभुलिंगनं जाळीच्या वरून पाण्याची बाटली पुढं केली आणि तिनं ती ओढून घेतली. कुठल्या हातानं घेतली, ते त्यानं बघितलंच नाही. तो तिच्या तोंडाकडं बघत होता.