कृष्णातचा फोन आन् माझी पेटी

मी तसा तापट माणूस. कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपात तेवीस वर्षं फोरमन हाय, आन् ह्या तेवीस वर्षांत माझ्या आवाजाला न घाबरलेला गडी एकच. कृष्णात. त्येला माझा आवाज ऐकूच येत न्हाई.

जन्मापासनं ऐकू येत न्हाई, बोलताही येत न्हाई. सहा वर्षांमागं शेठनी त्येला माझ्या म्होरं आणून उभा केला, तवा मी सरळ बोललो, "शेठ, मशीन कुरकुरली तर ह्येला कळणार कसं? हात जाईल एखाद्या दिवशी." शेठ म्हणाले, "कुतुबभाई, आठ दिस बगा, मग बोला." चौथ्या दिवशी ह्यो गडी आला, माझा हात धरला आन् नेऊन तीन नंबरच्या लेथ मशीनवर ठेवला. मला काय कळंना. त्यानं बोट गोल फिरवलं आन् मान हलवली. बेअरिंग जातंय म्हणत होता. मी म्हटलं, आरं जा, माझे कान काय फुटलेत? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी बेअरिंग गेलं. मशीनचं दुखणं ह्यो तळहातानं ओळखतो, बगा. तवापासनं त्येच्यापुरतं मी तोंड मिटलं.

आमच्या सगळ्यांना त्यानं खुणेची नावं दिल्यात. माझं नाव दाढी ओढायची आन् कपाळाला आठ्या पाडायच्या. म्हंजे कुतुबुद्दीन. पोरं ती खूण करून हसत्यात ते मला दिसत न्हाई असं त्यांना वाटतं. आमी पण कामापुरत्या खुणा शिकलो, थांब, चालू कर, बास, चा. न्हाईतर माझे ओठ त्यो बरोबर वाचतो. मी शिव्या कमी केल्या त्या त्येच्यामुळंच. दुसऱ्याला दिलेली शिवीसुद्धा त्यो लांबनं वाचायचा आन् तोंडाला हात लावून हसायचा.

त्येची बायको राजनंदिनी. दोघं एकाच मूकबधिर शाळेत शिकलेली, तीपण तशीच. माहेर औंधाजवळच्या खेड्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरली आन् तिची आई भामाबाई तिला घेऊन गेली. त्या दिवसापासनं ह्येच्यासाठी बायको म्हंजे फोन. रोज एकला जेवणाची सुट्टी झाली की ह्यो भिंतीला फोन टेकवून बसायचा, आन् दहाच्या दहा बोटं सुरू. पलीकडं ती तशीच. आमी जेवताना बोलतो, ह्यो बोलण्यात जेवायचाच विसरायचा. मग मीच जाऊन त्येच्या तोंडात घास कोंबायचो. म्हटलं, जेव की रं भडव्या, ती काय पळून चाललीय?

आता फोनचा नियम सांगतो, कारण सगळं रामायण तिथनंच सुरू झालं. दोन वर्षांमागं आमचा एक गडी जोतीराम फोनमधी बघत लेथ चालवत होता, त्येचं बोट गेलं. त्या दिवसापासनं मी हुकूम काढला की आत आलं की फोन पेटीत. कामावर चार्जर आणायचा न्हाई, म्हंजे फोनाभोवती घोटाळणं बंद. पेटी लाकडाची होती. ह्या माघात बघतो तर तिला वाळवी लागलेली. मग मी भंगारातनं तीन एमएमची लोखंडी प्लेट काढली आन् स्वतःच्या हातानं वेल्डिंग करून नवी पेटी केली. झाकणाला आतनं रबर, धूळ जायची न्हाई, तेलपाणी जायचं न्हाई. वरनं ट्रक गेला तरी चेपणार न्हाई. शेठनाही दाखवली. लय फुगलो होतो मी.

त्याच आठवड्यात कृष्णातनं फोनला अपडेट मारलं. आन् दुसऱ्या दिवसापासनं बॅटरी अशी उतरायला लागली, की सकाळी शंभर भरून आणलेला फोन एकला पाचवर. हात लावला तर तापलेला. दोन मिनिटं बोटं हलली न्हाईत तोवर बंद. दोनचार दिस वाट बघितली. मग बाकीच्यांचीही तीच बोंब सुरू झाली. मी म्हटलं, मारा आणखी अपडेट! चालत्या गाडीचं इंजिन उघडायला सांगितलं कुणी तुमाला? माझा बटणाचा फोन बगा, खिशात तीन दिस चालतो. फोरमन म्हणून माझा फोन खिशातच असायचा, नियम दुसऱ्यांना.

एके दिवशी कृष्णातनं मला लेथजवळ बोलावलं आन् खडूनं पत्र्यावर लिहिलं, "डॉक्टर तोंडाला मास्क लावतात. तिला ओठ दिसत नाहीत. आईला आमच्या खुणा येत नाहीत. त्या वेळी मी फोनवर पाहिजे." खाली दोन रेघा मारल्या.

मला तवा कळलं. तोवर मी समजत होतो की नवराबायकोचं गुलुगुलु चाललंय. बाळंतिणीच्या खोलीत त्या पोरीला कोण काय सांगतंय ते समजणारच न्हाई, कान न्हाईत आन् डॉक्टरचं तोंड झाकलेलं. ह्येच्या बोटांवरच तिचा सगळा भरवसा. मी म्हटलं, "तारखेच्या आठ दिस आधीपासनं फोन खिशात ठेव. तुला माफ." तारीख वीस दिसांवर होती. माझा नंबर भामाबाईंना दिला, वेळ आली तर मला फोन करा म्हणून. आन् तोवर नियम म्हंजे नियम, असंही वर बोललो. ते वाक्य आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

तिसऱ्याच दिवशी, बुधवार होता, साडेअकराला माझा फोन वाजला. भामाबाई रडत होत्या. "कुतुबभाऊ, पोरीला साताऱ्याला आणलंय. कळा सुरू झाल्यात, बाळाचे ठोके कमी पडत्यात म्हणत्यात. ती डोळेच उघडंना. डॉक्टरीणबाई सांगत्यात त्ये तिला कळंना. जावयांना फोनवर घ्या, बाईंनी हो म्हटलंय."

मी धावत जाऊन पेटी उघडली. कृष्णातच्या फोनात अकरा टक्के. दुसऱ्यांचे बघितले, कुणाचे नऊ, कुणाचे सहा, दोन तर मेलेलेच. शेठ इस्लामपूरला गेलेले, ऑफिसला कुलूप, चार्जर आत. माझ्याच हुकमानं अख्ख्या वर्कशॉपात एक चार्जर न्हाई! कृष्णातनं माझ्या तोंडाकडं बघितलं आन् मी काय बोलायच्या आधीच त्येला कळलं.

गेटसमोर अख्तरबीची चहाची टपरी हाय. तिच्याकडं चार्जर असतो हे मला ठाऊक होतं. आमी दोघं रस्ता ओलांडून पळालो. चार्जर होता, पर पिन ढिली. लावली की सुटायची. अख्तरबी म्हणाली, "दाबून धरावी लागती, भाई, तवाच चालती." मग मी डाव्या हातात फोन त्येच्या तोंडापुढं धरला आन् उजव्या अंगठ्यानं पिन दाबली. कृष्णातचे दोन्ही हात मोकळे पायजे होते.

फोन लागला. एका नर्सच्या हातात राजनंदिनीचा फोन होता. पोरगी पडल्या पडल्या डोळे गच्च मिटून होती. घामानं भिजलेली. नर्स तिला हलवत होती, तशी ती डोळे जास्तच आवळून घ्यायची. आन् तिनं डोळे मिटले म्हंजे तिच्यासाठी सगळी दुनियाच बंद. कृष्णातची बोटं वाऱ्यावर हलत होती, बघणार कोण?

मग त्यो माझ्याकडं वळला. स्वतःच्या डाव्या मनगटावर दोन बोटं दोनदा टेकवली. परत टेकवली. नर्सकडं बोट दाखवलं. ओटीच्या दिवशी त्यो तिला अशीच हाक मारताना मी बघितलं होतं. मी फोनात ओरडलो, "बाई, हलवू नका तिला! मनगटावर दोन बोटं टेकवा, हळू, दोनदा! नवरा तिला तशीच हाक मारतो!"

नर्सनं टेकवली. आन् राजनंदिनीनं डोळे उघडले.

म्होरचा पाऊण तास मी जन्मात इसरणार न्हाई. डॉक्टरीणबाई मास्कमधनं बोलायच्या, ते माझ्या कानाला ऐकू यायचं. मी तेच तोंड मोठं करून कृष्णातला बोलायचो, त्यो माझे ओठ वाचायचा आन् बोटांनी तिला सांगायचा. "आत्ता जोर लावू नको." "श्वास घे." "थांब, थांब." मधी एक टेम्पो येऊन हॉर्न मारायला लागला, तर अख्तरबी सांडशी घेऊन त्येच्या अंगावर गेली. आमचे सगळे गडी मशीन बंद करून रस्त्यावर येऊन उभे. कुणी चकार शब्द बोलंना. पिन एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. पाच टक्के झाले. मी अंगठा असा दाबला, की पिन तापून चटका बसत होता तरी काढला न्हाई. या अल्ला, म्हटलं, अंगठा जळू दे, फोन बंद पडू देऊ नको.

"आता लाव जोर!" बाई ओरडल्या. मी ओरडलो. कृष्णातनं दोन्ही मुठी छातीपासनं खाली ओढल्या, त्येच्या गळ्याच्या शिरा ताठल्या. पलीकडं फोन हलला, छत दिसलं, दिवा दिसला. आन् मग आवाज आला.

बाळ रडलं.

तो आवाज मला आला, त्येला न्हाई. छताकडं बघत त्यो तसाच उभा होता. त्येला सांगायला मी तोंड उघडलं, तर माझ्या तोंडातनं शब्दच येईना. डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. कृष्णातनं माझं तोंड बघितलं आन् त्येचा चेहरा पांढराफटक पडला. आयला, त्येला वाटलं काय तरी वाईट झालं! मी मान हलवतोय, हसायला बघतोय, रडू थांबंना. तेवढ्यात नर्सनं बाळ फोनापुढं धरलं. लालबुंद, तोंड वासून बोंबलणारं. मुलगी. तिच्या मागं राजनंदिनी, दमलेली, डोळे टक्क उघडे. कृष्णात रस्त्यावर मटकन खाली बसला. फोनात तीन टक्के होते.

त्यो त्याच दुपारी साताऱ्याला गेला आन् बारशापर्यंत सुट्टी काढली.

मी घरी जाऊन अंगठ्याला हळद लावत बसलो आन् अपडेट काढणाऱ्यांचा उद्धार केला. माझी लेक अर्शिया सांगलीत मोबाइलच्या दुकानात कामाला हाय. ती म्हणाली, "अब्बा, अपडेट मारल्यावर चारदोन दिस बॅटरी उतरती, मग जागेवर येती. आन् तुमच्या सगळ्या गड्यांनी एकाच आठवड्यात अपडेट मारलं व्हय?"

"न्हाई. फक्त कृष्णातनं."

"मग सगळ्यांचेच कसे उतरत्यात? रविवारी घरी काय होतं?"

मी आठवलं. रविवारी टिकत होते.

"फोन कुठं ठेवता?"

मी पेटीचं सांगितलं. तीन एमएमची प्लेट, झाकणाला रबर. सांगताना अजून थोडा फुगलेलाच होतो. अर्शियानं कपाळाला हात लावला. "अब्बा, बंद लोखंडात फोनला रेंज मिळत न्हाई. त्यो दिवसभर सगळी ताकद लावून रेंज शोधत बसतो. त्यातच त्येची बॅटरी जाती. तुमचा खिशातला टिकला त्यो नुसता बटणाचा म्हणून न्हाई, तुमी त्येला पेटीत घातला न्हाई म्हणून."

लेथचा आवाज ऐकून खोट काढणारा मी, कुपवाडात मला मानत्यात. आन् खोट माझ्या स्वतःच्या हातात होती. ती पोरगी डोळे मिटून पडली होती आन् तिच्या नवऱ्याची बोटं माझ्या पेटीनं खाल्ली होती. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर? ते दहा दिस मला धड जेवण गेलं न्हाई.

बाराव्या दिवशी औंधाच्या बाजूला बारशाला गेलो. पाळणा फुलांनी सजवलेला. कृष्णातच्या बहिणीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, क्रांती, आन् बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के मारत "कुर्रर्र" केलं. हसण्याखिदळण्यात बाळ झोपूनच होतं. मग राजनंदिनी पाळण्याशी आली. तिनं दोन बोटं त्या एवढुश्या मनगटावर टेकवली, दोनदा, हळू. बाळानं डोळे उघडले.

मला आता राहवंना. मी कृष्णातला बाजूला घेतलं. हे ओठांनी सांगायचं नव्हतं, त्येच्याच भाषेत सांगायचं होतं. त्येच्या खिशातल्या फोनकडं बोट दाखवलं. हातानं चौकोनी पेटी काढली, झाकण लावलं, बॅटरी खाली खाली जाताना दाखवली. मग माझी दाढी ओढली आन् कपाळाला आठ्या पाडल्या. माझं नाव मी पहिल्यांदाच माझ्या हातानं घेतलं. मी केलं. कुतुबुद्दीननं केलं.

मी मान खाली घातली. त्यानं माझा उजवा हात धरला आन् उलटा केला. अंगठ्यावर पिनेच्या चटक्याचा काळा डाग अजून होता. त्या डागावरनं त्यानं बोट फिरवलं. मग तसाच हात धरून मला पाळण्याशी नेलं आन् माझा अंगठा बाळाच्या मुठीत दिला.

तिनं तो गच्च धरला. सोडायलाच तयार न्हाई. मी वाकूनच उभा राहिलो, कंबर मोडायची वेळ आली. भामाबाई म्हणाल्या, "आवं भाऊ, सोडवून घ्या की, जेवायची पानं वाढल्यात." मी म्हटलं, "असू दे, बाई. तिला सोडायचं तवा सोडंल."