अव्वांचा फोटो कुठल्या गाडीवर?

मागच्या शुक्रवारी भर दुपारी, अहमदपूरच्या माझ्या दुकानात... फाइल नांदेडला पाठवायचं बटण दाबणार, तेवढ्यात अप्पा दारात. तोंडानं "या अप्पा, बसा" म्हटलं, पण मनात एकच आलं, आता आणखी काय बदलायचं राहिलंय?

मी गाड्यांवर चिकटवायच्या ग्राफिक्सच्या फाइल बनवते. स्कूल बस, दुधाचे टेम्पो, प्रचाराच्या गाड्या, येईल ते. गाडी टेपनं मोजायची, कॉम्प्युटरवर तिचं चित्र उभं करायचं, त्यावर मजकूर बसवायचा आणि फाइल पाठवायची. प्रिंटिंगचं मोठं मशीन नांदेडला आहे, छापलेला रोल एसटीनं येतो. ऐकायला सोपं वाटतं...

तर तो सगळा आठवडा एकाच गाडीत गेला होता. अप्पांचं मार्केट यार्डात अडत दुकान आहे. त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या सगळ्या भागाच्या अव्वा, दिवाळीनंतर वारल्या. उन्हाळ्यात त्यांच्या घरचा टँकर आमच्या गल्लीत फुकट पाणी द्यायचा, तेव्हा अव्वा स्वतः पाइप धरून उभ्या राहायच्या आणि मध्येच हंडा घुसवणाऱ्याला असं झापायच्या की विचारू नका.

त्यांच्या नावानं घरच्यांनी गावाला शववाहिनी द्यायचं ठरवलं. गावात एकच आहे, आणि ती निम्मा वेळ गॅरेजात. चांगलं काम म्हणून मीही उत्साहानं घेतलं... तेव्हा उत्साह होता.

पहिल्या फाइलीत मी सवयीनं 'वैकुंठरथ' लिहिलं. थोरल्या मुलाचा, शिवराजचा लगेच फोन, "ताई, आपल्यात कैलास म्हणतेत, वैकुंठ न्हाई." बरोबरच होतं, लिंगायतांचं घर. बदललं. मग कोपऱ्यात बेलाची पानं हवी झाली. मग मुलांची, सुनांची, नातवंडांची नावं. एवढं बसवून झाल्यावर कळलं की एक जावई राहिले... आमच्याकडे जावयाचं नाव राहणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सगळी नावं बारीक करून पुन्हा बसवली. फाइलचं नाव 'फायनल'वरून 'आता खरंच फायनल'वर आलं.

पण खरी कटकट फोटोची. शिवराजला अव्वांचा चेहरा गाडीच्या दोन्ही बाजूंना हवा होता, लांबून ओळखू येईल एवढा मोठा. आणि पाठवला काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापलेला फोटो. मोबाइलवर झकास दिसतो, पण गाडीएवढा केला की नुसते चौकोन चौकोन.

शेवटी अल्बममधला मूळ फोटो मागवून स्कॅन केला. पदराची कड, केस, कानातलं, सगळं हातानं नीट केलं. मग चेहरा बरोबर दाराच्या हँडलवर यायला लागला. वर सरकवला तर कपाळावरची विभूती खिडकीच्या रबरात जाऊ लागली... वैताग नुसता. मान धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढे दिवस अव्वांकडे बघत होते, पण खरं सांगते, अव्वा एकदाही आठवल्या नाहीत.

तर अप्पा आले, बसले, पाणी प्यायले. "दाव की काय केलंस ते," म्हणाले. मी दोन्ही बाजू दाखवल्या. ते निरखून बघायला लागले आणि मला वाटलं, आता नक्की एखादा राहिलेला व्याही निघणार!

"लई छान केलंस पोरी. हुबेहूब हाय," अप्पा म्हणाले. "पण ही गाडी दारात आली की बायका हंबरडा फोडतेत. रस्त्यात दिसली तरी लोकं तोंड फिरवतेत. तुमच्या अव्वाला बघून कुणी कधी तोंड फिरवलं न्हाई गं... आता मी फिरवायला लावू का?"

आठवडाभर आम्ही सगळे फोटो किती स्पष्ट येईल, यातच अडकलो होतो. तो कुणाच्या दारात जाऊन उभा राहणार, हे ना पोरांच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

अप्पांनी तिथूनच शिवराजला फोन लावला. स्पीकरवर त्यालाही हेच सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मंग अव्वाचा फोटो कुठंच न्हाई का, अप्पा?" एवढा मोठा बाप्या माणूस, पण आवाज पार लहान झाला होता. माझेही डोळे भरले, आणि यावेळी ते स्क्रीनमुळे नव्हतं.

"टँकरवर लावू की," अप्पा म्हणाले. "त्याची लोकं वाट बघतेत."

आता टँकर म्हणजे गोल. गोलावर चेहरा बसवायचा तर गाल पसरतात, सगळी मापं नव्यानं. एरवी मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी टेप घेतला आणि उन्हात बाहेर पडले. पत्रा असा तापलेला की हात टेकवत नव्हता.

शववाहिनीवर आता फक्त 'कैलासरथ' आहे, बेलाची पानं आणि अव्वांच्या नावापुढं 'स्मरणार्थ'. बाकी सगळी नावं गेली... जावईसुद्धा.

मान अजून धरलेलीच आहे, पण अप्पा, बटण दाबायच्या आधी आलात, तुमचे उपकार आहेत.

आज सकाळी टँकर आमच्या गल्लीत आला. हंड्या-कळशांची नेहमीची ढकलाढकली सुरू झाली, तर शेजारच्या काकू एकदम ओरडल्या, "अगं लायनीत लावा गं, अव्वा बघायल्यात!" सगळ्या हसल्या, दोघीतिघींनी पदर डोळ्याला लावला...

आणि मी माझी पुढं घुसवलेली घागर गुपचूप मागं नेऊन ठेवली.