उडालेली शाई

शाळेत मास्तरांनी विद्युत अपघटन शिकवलं तेव्हा मी नववीत होते. मिठाच्या पाण्यात कोळशाच्या दोन कांड्या, त्यांना सेलच्या तारा. ऋणाग्रावर हायड्रोजन, धनाग्रावर क्लोरीन. क्लोरीन ओल्या वस्तूचा रंग घालवतो, असं ते म्हणाले, पण फूल आणायला विसरल्यामुळे ते दाखवायचं राहिलं. वर्गात मी एकटीच मुलगी, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. म्हटलं, आपण घरी करून बघू. खाऱ्या पाण्याला आमच्या समुद्रकाठच्या आचरा गावात काय तोटा?

रविवारी शेजाऱ्यांच्या बॅटरीतले तीन सेल मागून आणले. मेलेल्या सेलांच्या पोटातून कांड्या काढल्या, पेल्यात समुद्राचं पाणी भरलं आणि वर एक ओलं अबोलीचं फूल टांगलं. बुडबुडे सुटले, तसा विहिरीत टाकायच्या पावडरीचा उग्र वास आला. आई शेतावरून जेवायला यायची वेळ झाली होती. घाईघाईने सगळा पसारा मी तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला आणि झाकण लावलं. वास कोंडला की फुलाचा रंगही लवकर जाईल, हे वर आणखी शहाणपण.

त्या ट्रंकेत वडिलांचं शेवटचं पत्र होतं. ते गलबतावर खलाशी होते. पत्र आलं आणि पंधरा दिवसांनी गलबत बुडाल्याचा निरोप आला. तेव्हापासून लोक आईला सांगत, चेडवाक, म्हणजे मुलीला, आता घरी बसव. ती कुणाचं ऐकत नसे. तिला वाचता येत नव्हतं. दर रविवारी दिवा लावून झाला की ती पत्र काढायची आणि मी वाचून दाखवायचे.

संध्याकाळी ट्रंक उघडली तर अबोली पांढरीफटक. मी हरखले, आणि मग खाली पत्र दिसलं. खाऱ्या हवेने ते कायम दमट असायचं. निळ्या शाईचं एक अक्षर शिल्लक नव्हतं.

आईला मी रडत रडत सगळं सांगितलं. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने कागद उलटसुलट पाहिला, त्यावरून हात फिरवला आणि माझ्यासमोर धरला.

“माका अक्षरा खंय कळतत? तू वाच गो.”

पत्र मला तोंडपाठ होतं. कोऱ्या कागदाकडे बघत मी वाचत गेले: तब्येत बरी आहे, वारा पडला आहे, माडांना खत घाल. पुढची ओळ काही केल्या तोंडातून निघेना. ती गाळून मी एकदम ‘कळावे’वर आले.

“एक वाक्य रवला,” आई म्हणाली. मग तिनेच म्हटलं, “चेडवाक शाळेतसून काढू नको.”