सुलभा राऊतची तीनशे बारा पानं

फसवलं मी. फसली सुलभा राऊत — आगाशीची, सोनचाफ्याची वाडी असलेल्या घरातली सून. फसवणूक झाली ती एका कादंबरीची, आणि ती कादंबरी आता या जगात कुठेही नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, माझ्या प्रकाशकाला नाही, दर रविवारी माझ्यासमोर वह्या उघडून बसणाऱ्या त्या वीस-बावीस जणांना तर नाहीच नाही.

चोरली असेल, असं तुमच्या मनात आलं ना? नाही हो. चोरली असती तर माझ्या नावावर का होईना, ती छापून आली असती. तुम्ही वाचली असती. मी ते सुद्धा केलं नाही.

थांबा, आधी माझा धंदा सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी जुन्या लाकडाचा व्यापारी. आगाशी रोडला माझी वखार आहे. वसईच्या गावांतली कौलारू घरं पाडून लोक बंगले बांधायला लागले, तेव्हा त्या घरांतल्या सागाच्या तुळया, खांब, दरवाजे मी उचलायला लागलो. दहावी झालेला माणूस. सुरुवातीला दुसऱ्याच्या वखारीत पाठीवर फळ्या वाहिल्या, मग स्वतःची वखार टाकली. कोणाच्या बापाच्या ओळखीने काही मिळालेलं नाही, आणि ते मी कोणाला विसरू देत नाही.

या धंद्यात पहिली गोष्ट शिकलो ती ही — चांगला माल दिसला की चेहरा पाडायचा. तुळईवर बोटाच्या पेरांनी ठोकायचं. कान लावायचा. काही बोलायचं नाही. मालक अस्वस्थ झाला की हळूच म्हणायचं, "आतून गेलंय हो. वाळवी." लाकूड लोखंडासारखं असलं तरी म्हणायचं. आणि कुजका माल असेल तर? त्याचं तोंडभर कौतुक करायचं. मालक खूश होतो, चांगला माल त्याच ढिगात देऊन टाकतो. तीस वर्षं मी हेच केलं. शेवटी शेवटी ठरवून करावं लागत नव्हतं. चांगलं काही समोर आलं की माझा चेहरा आपोआप पडायचा.

याच वखारीत मी पाच कादंबऱ्या लिहिल्या. सकाळी सहा ते साडेआठ. शटर अर्धं खाली. दोन स्टुलांवर एक जुना दरवाजा आडवा टाकलेला, तेच टेबल. रोज दोन फुलस्केप पानं — ताप असो, घरात लग्न असो, दोन म्हणजे दोन. शटर वर जाईपर्यंत शेठ मेला असं समजायचं, हे हमालांना पाठ आहे. लिहून झालं की मोठ्याने वाचायचं, जीभ अडखळेल तिथे काट मारायची. एवढं सगळं खरं आहे. शाळेत न शिकलेली गोष्ट मी रोज अडीच तास घासून शिकलो.

आणि माझी एक तक्रार होती. होती कशाला, आहे. माझं पहिलं हस्तलिखित मुंबईच्या एका संपादकाने दोन वर्षं दाबून ठेवलं आणि एका ओळीची चिठ्ठी लावून परत पाठवलं — "भाषा कच्ची आहे, प्रयत्न सोडावा." प्रयत्न सोडावा! हा सांगणार मला? प्रत्येक भाषणात मी ही चिठ्ठी सांगतो. सांगताना आजही माझे कान तापतात. लोक हळहळतात, टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांवर मी इतकी वर्षं जगलो — अन्याय झालेला माणूस म्हणून.

आता तो अन्याय झालेला माणूस पुढे काय करतो ते ऐका.

आगाशीच्या वाचनालयात मी रविवारी कादंबरीलेखनाचा वर्ग घ्यायला लागलो. माझे नियम सांगायचो. पहिली वीस पानं फेकून द्या, त्यात लेखक फक्त घसा खाकरत असतो. बोलीभाषा मिठाइतकीच घाला. आणि नवा खर्डा झाला की जुना फाडून टाका, नाहीतर हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो. लोक भराभरा लिहून घ्यायचे.

सुलभाताई तिसऱ्या रविवारी आल्या. चाळिशीच्या असतील. वर्ग सुटल्यावर थांबल्या, साडीच्या दुकानाची एक पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "शेठ, तुम्ही आमच्या नानांच्या घराच्या तुळया नेल्या होत्यात. ओळखलंत?"

नाना म्हणजे त्यांचे सासरे. मी ओळखलं नव्हतं. इतकी घरं, कोण कोणाला ओळखतो?

"नाना अजून म्हणतात," त्या हसत होत्या, "घाडी शेठने नुसतं ठोकलं की लाकडालाच वाटायला लागतं, आपण पोकळ आहोत."

मीही हसलो. विनोद चांगला होता. पिशवीत तीनशे बारा पानं होती, हाताने लिहिलेली.

त्यांचा दिवस त्यांनीच मला सांगितला होता. पहाटे चाफा खुडायचा, फुलं दादरला रवाना करायची, घरच्यांचं जेवणखाण, आणि दुपारी एक ते चार — सासूबाई झोपल्या की स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभं राहून लिहायचं. उभं का? "बसले की डोळा लागतो," म्हणाल्या. सहा वर्षं अशी लिहिली होती.

मी ती पानं माझ्या सकाळच्या वेळात उघडली. पंधरा-वीस पानं चाळू, मग आपलं काम करू, असा विचार. साडेआठ वाजले, हमालांनी शटर वाजवलं, तरी मी वाचतच होतो. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा माझी दोन पानं बुडाली.

कादंबरी एका बावखलाची होती. आमच्याकडे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात. पहिल्याच प्रकरणात धाकटा दीर ते बावखल मातीने भरून टाकतो, प्लॉट पाडायला. जमीन सपाट होते. आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या बायका देवळात जाताना, शेजारी जाताना त्या सपाट जमिनीला वळसा घालून जातात. पाणी नाही, काठ नाही, तरी कोणी सरळ चालत नाही. कोणी कोणाला काही बोलतही नाही. एक नवी सून तेवढी सरळ चालत जाते, आणि सगळ्या जणी थांबून तिच्या पायांकडे बघत राहतात.

मी वाचायचा थांबलो. शपथेवर सांगतो, माझ्या पोटात दुखायला लागलं. तीच गावं, तीच माणसं, तीच बुजवलेली तळी — त्यावरच मी माझी सहावी कादंबरी लिहीत होतो आणि पाचव्या प्रकरणात आठ महिने अडकलो होतो. आणि ही बाई, ओट्यावर उभी राहून, त्या वळशात सगळं सांगून मोकळी झाली होती! माणसं घरच्या बोलीत बोलत होती आणि एकही वाक्य जिभेवर अडत नव्हतं. मी मोठ्याने वाचून बघितलं. अडावं म्हणून वाचलं. अडलं नाही.

पंधरा दिवसांनी त्या आल्या. मी पिशवी पुढे केली. बोटं पानांवर आपटली — हो, पेरांनीच. चेहरा पडलेलाच होता.

"सुलभाताई, मेहनत आहे. पण आतून पोकळ आहे."

त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वाळवी?"

मला टोमणा कळला. तिथे थांबता आलं असतं. हसून म्हणता आलं असतं, अहो, गंमत केली, उद्याच प्रकाशकाला पोस्टाने पाठवा. एका वाक्याचं काम होतं. मी काय केलं? चिडलो. "थट्टेचा विषय नाही हा," म्हणालो. "पहिली वीस पानं काढा. ते बावखल, तो वळसा — घसा खाकरणं आहे ते. बोली काढा, पुण्याच्या वाचकाने काय करायचं तिचं?" बोलीमुळे "भाषा कच्ची वाटते" असंही म्हणालो. बघा, शब्दसुद्धा त्या संपादकाचेच. त्याचा राग मी इतकी वर्षं कशासाठी जपला होता? वेळ आली की वापरायला?

आणि एक लक्षात घ्या — त्या दिवशी मी खोटा नियम एकही सांगितला नाही. सगळे खरे होते. माझ्या पहिल्या वीस पानांना लागू पडणारे. तिच्या पानांना ते लागू नाहीत, हे कळणारा त्या खोलीत मी एकटाच होतो.

लाकडाच्या सौद्यात भाव पाडला की माल तरी हातात येतो. इथे मला काय घ्यायचं होतं? काहीच नाही! घेणारा नसताना मी भाव पाडला. याच्याइतका मूर्ख सौदा माझ्या हातून दुसरा झाला नाही.

त्या पुढल्या वर्षी पुन्हा आल्या. एकशे नव्वद पानं. बावखल गेलं होतं. मी म्हटलं, पात्रं फार आहेत, सासू काढा. त्यानंतर दोन वर्षांनी आल्या तेव्हा शहाण्णव पानं होती, स्वच्छ टाईप केलेली, शुद्ध मराठीत. मी वाचली. माणसं मेली होती. कोणाच्याही तोंडी कोणतंही वाक्य घातलं असतं तरी चाललं असतं. आता खरोखर पोकळ होतं — आणि माझा चेहरा खुलला. आपोआप. मी तोंड भरून म्हणालो, "वा! आता झाली कादंबरी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मग मला का आवडत नाही, सर?"

पहिल्यांदाच "शेठ" सोडून "सर" म्हणाल्या. मी म्हणालो, "लेखकाला स्वतःचं आवडतंच असं नाही."

माझ्या शब्दावर त्यांनी ती एका प्रकाशकाकडे पाठवली. महिन्याभरात परत आली. कोरडी आहे, म्हणाले. बरोबरच म्हणाले.

त्यानंतर त्या वर्गाला आल्या नाहीत. मी सुटलो असं मला वाटलं. पण ते पहिलं प्रकरण डोक्यातून जाईना. माझी सहावी कादंबरी आजही पाचव्या प्रकरणातच आहे. गेल्या गणपतीत आगाशीच्या बाजारात त्या केळीची पानं घेताना दिसल्या. मीच पुढे झालो. इकडचं तिकडचं बोललो आणि मग, जणू सहज, विचारलं — तो पहिला खर्डा, तीनशे बारा पानांचा, आहे ना घरी?

"तो होय?" त्या पानांचा जुडगा काखेत धरत म्हणाल्या. "फाडला ना. तुम्हीच सांगितलं होतंत, जुनं ठेवलं की हात तिकडे जातो. खरंच जायचा हो. रोज जायचा. मग एक दिवस बसून सगळा फाडला."

"सगळा?"

"नियम म्हणजे नियम. तुमच्यासारखी शिस्त पाहिजे ना माणसाला." आणि त्यांनी सुटे पैसे मोजून घेतले आणि गेल्या. आवाजात कडवटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो. भांडण मला जमतं.

आता शेवटचं. माझ्या वखारीच्या माळ्यावर माझ्या पाचही कादंबऱ्यांचे सगळे खर्डे सुतळीने बांधून ठेवलेले आहेत. पहिला, दुसरा, तिसरा — सगळे. मी आयुष्यात एक खर्डा फाडलेला नाही. तो नियम मी स्वतः कधीच पाळला नाही. ऐकायला बरा वाटतो म्हणून सांगत होतो! टाळी मिळते त्यावर! आणि एका बाईने ओट्याशी उभं राहून मिळवलेली सहा वर्षं त्या टाळीच्या वाक्यावर फाडून टाकली.

मी ते प्रकरण आठवून लिहायचा प्रयत्न केला. करून बघितला, लपवत नाही. दोन सकाळी बसलो. बावखल आलं, सून आली, वळसा आला, पण वाक्यं माझी येत होती. तिची एकही आली नाही. दोन्ही सकाळची पानं मी काट मारून ठेवली.

मला माफी नको. त्या देतील अशी भीतीच वाटते. वाईट दिवस होते, मत्सर माणसाला होतोच, असलं काही मी सांगणार नाही, तुम्हीही मला सांगू नका. पण हे असंच मिटता कामा नये. त्या संपादकाला मी शंभर व्यासपीठांवरून जाब विचारला. मला कोण विचारणार? सुलभाताईंनी का विचारावं? त्यांना तर फसवणूक झाली हेच माहीत नाही. म्हणून पुढच्या रविवारी वाचनालयात, त्या वीस-बावीस जणांसमोर, हा कागद मी उभा राहून वाचणार आहे. सुलभाताईंना निरोप धाडला आहे. आल्या तर समोर, नाही आल्या तर घरी जाऊन वाचेन. आणि वाचून झाल्यावर कोणीही "जाऊ द्या, सर" म्हणायचं नाही. जाऊ द्यायचं नाही. दत्ताराम घाडी, त्या बाईची कादंबरी कुठे आहे? बोल.