खाडाखोड

नांदेडला विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एक ज्येष्ठ सहकारी माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. रोज मुदखेडहून रेल्वेनं येत. गुणपत्रिका तपासताना प्रत्येक ओळीखाली स्टीलची पट्टी ठेवून पुटपुटत, "सदुसष्ट. सहावर सात सदुसष्ट." चहासुद्धा तसाच सांगत, "दोन चहा. दोन." खिडकीशी पोरं कितीही ओरडली तरी त्यांचा आवाज कधी चढला नाही. मला त्याचं कौतुक वाटे, आणि थोडी धास्तीही.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात लातूरची एक संशोधक मुलगी कर्मचाऱ्यांच्या ताणावरची प्रश्नावली घेऊन आली. "नाव लिहू नका," तिनं सगळ्यांना बजावलं. 'कामाचा ताण घरी जाणवतो का?' या प्रश्नाला त्यांनी पट्टी ठेवून 'कधीच नाही'वर खूण केली. मीही तिथंच केली.

दुसऱ्या दिवशी ते तिच्यापुढं उभे. "मॅडम, माझा फॉर्म द्या वापस. घरी सहज सांगितलं, तर बायको हसली बी न्हाई. म्हणली, टँकरच्या घागरी घरात आणल्या तरी दोन-दोनदा मोजून राहिले तुम्ही. जेवताना बी ओठ हलून राहिले."

गठ्ठ्यातून त्यांनी आपला फॉर्म ओळखून काढला. जुनी खूण एका रेघेनं खोडली, 'नेहमी'वर नवी केली आणि शेजारी तारखेसकट सही ठोकली.

"काका, नाव नको होतं ना!"

"खाडाखोड केली की सही लागतीच, मॅडम."

त्याच गठ्ठ्यात माझा फॉर्म होता. एकही खाडाखोड नसलेला.